पामवर जुने व्हिडिओ गेम: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्या हातात पाम दिसलं की लोक आधी विचारतात हा कॅल्क्युलेटर का, मग त्यावर टेट्रिस पडताना बघतात आणि मग अर्धा तास सुटका नाही. उत्तरं तीच तीच द्यावी लागतात, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

पाम म्हणजे नक्की काय?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे साहेब लोकांच्या खिशात कॅसिओची डिजिटल डायरी असायची ना, फोन नंबर आणि वाढदिवस ठेवायला, तिची अमेरिकन चुलत बहीण समजा. पहिलं पायलट १००० आलं १९९६ मध्ये, मेमरी फक्त १२८ केबी, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा आणि स्क्रीन १६० बाय १६० ठिपक्यांची, काळीपांढरी. कीबोर्ड नाही, प्लॅस्टिकच्या काडीने, म्हणजे स्टायलसने, स्क्रीनवर टॅप करायचं आणि खालच्या पट्टीत ग्राफिटी नावाच्या लिपीत अक्षरं काढायची. ज्याने हे बनवलं त्या जेफ हॉकिन्सने आधी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता आणि मीटिंगमध्ये तो काढून त्यावर काडीने लिहिल्याचं नाटक करायचा, साइज बरोबर आहे का बघायला. म्हणजे हे यंत्र अपॉइंटमेंट आणि पत्ते लिहायला बनलंय, गेमसाठी नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कुठलं मॉडेल घेऊ?

दोन जमाती आहेत. जुनी जमात म्हणजे ड्रॅगनबॉल प्रोसेसरवाली, हिला ६८के म्हणतात. पाम थ्री, थ्रीएक्स, फाइव्ह, एम१००, एम१०५, एम५१५, हँडस्प्रिंगचं व्हायझर आणि सोनीची सुरुवातीची क्लिए, सगळी यातली. नवी जमात एआरएम प्रोसेसरवाली, पाम ओएस ५, म्हणजे पामच्या सिस्टिमची पाचवी आवृत्ती, २००२ च्या टंगस्टन टी पासून पुढे. टंगस्टन ई, टी३, झायर ७१ आणि ७२, ट्रिओ ६५०, टीएक्स वगैरे.

एकच घ्यायचं असेल तर टीएक्स. २००५ चं मॉडेल आहे, ३१२ मेगाहर्ट्झ, ३२० बाय ४८० ची रंगीत स्क्रीन जी आडवी पण करता येते, एसडी कार्ड, ब्लूटूथ, वाय-फाय, साधं हेडफोन भोक. आणि मुख्य म्हणजे चार्ज संपला तरी आतलं काही उडत नाही. जुन्या जमातीचा खरा फील हवा असेल तर एम१०५ घ्या, ८ एमबी मेमरी आणि रिमोटमधले बारीक सेल लागतात, चार्जर शोधत फिरावं लागत नाही. एम१०० दिसायला तसंच असतं पण मेमरी फक्त २ एमबी, घेताना गडबड होते. मागचं स्टिकर वाचा.

मिळतं कुठे? घेताना काय बघायचं?

ऑनलाइन सेकंडहँड मिळतं, घरातल्या कपाटात काकांचं पडलेलं असतं, आणि पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी एक चक्कर मारा. माझं एम१०५ तिथूनच दीडशेला घेतलेलं आहे, दोन मिक्सरची भांडी आणि एका बंद घड्याळाच्या मध्ये पालथं पडलं होतं, विकणाऱ्याला ते मोबाइल वाटत होतं आणि 'सिमकार्ड घाला, चालू होईल' म्हणाला.

खिशात दोन सेल नेऊनच जा. सेलचं झाकण उघडून आत स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर बसलाय का बघा. सेल गळले की तसं होतं. थोडाच असेल तर घाबरू नका, व्हिनेगर लावलेल्या इअरबडने निघतो, मग कोरड्या बडने पुसून घ्यायचं. स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर ठेवून द्या तिथंच. मग चालू करून चारही बटणं दाबून बघा, प्रत्येकाने वेगळं ॲप उघडलं पाहिजे. लोक स्क्रीनच बघत बसतात आणि बटणं विसरतात, आणि गेम तर बटणांवर खेळायचाय. आतल्या बॅटरीवालं मॉडेल असेल तर पाठ फुगलेली आहे का तेही बघा, फुगलेलं असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

यावर मारिओ चालतो का?

हा एक नंबरचा प्रश्न. चालतो, पण कुठला मारिओ ते सांगा.

गेमबॉयवाला, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या मशीनवरचा, असेल तर जुन्या पामवर सुद्धा चालतो, आणि त्यात एक गंमत आहे. गेमबॉयची स्क्रीन १६० बाय १४४ आणि पामची १६० बाय १६०. रुंदी जशीच्या तशी जुळते, खाली १६ ओळी उरतात, काहीही ताणायचं नाही की कापायचं नाही. गेमबॉयला करड्या रंगाच्या चार छटा लागतात, त्या पण पामकडे आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांनी दोन वेगळ्या कामांसाठी बनवलेल्या वस्तू आणि एकमेकीला मापाने शिवल्यासारख्या बसतात. एका मशीनचं सोंग दुसऱ्यावर आणणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर, ६८के साठी असे दोन नावाजलेले होते, लिबर्टी, जे विकत घ्यावं लागायचं, आणि फिनिक्स, जे मोफत आणि ओपन सोर्स, त्याचं स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं केलेलं आहे त्यामुळे शोधताना सापडत नाही, 'ओ' नंतर 'आय' घालून बघा.

स्पीडचं मात्र खरं सांगतो. १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल सेकंदाला साधारण २७ लाख सूचना पाळतो. गेमबॉयचं घड्याळ ४.१९ मेगाहर्ट्झचं, त्याच्या चार ठोक्यांत एक पायरी, म्हणजे सेकंदाला दहा लाखांच्या वर पायऱ्या. म्हणजे त्याच्या एका पायरीचं सोंग आणायला पामकडे जेमतेम अडीच सूचना आहेत, त्यातच चित्र काढायचं, बटणं बघायची, सगळं. बसणारच नाही. म्हणून एम्युलेटर काय करतो तर मधल्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी चित्रं, गाळतो, गेम आत चालू असतो पण तुम्हाला चारातली एखादीच फ्रेम दिसते. टेट्रिसमध्ये हे कळतही नाही. मारिओत कळतं, उडी मारली तेव्हा तो खड्ड्याच्या अलीकडे होता आणि पुढचं चित्र आलं तेव्हा तो खड्ड्यात आहे.

त्यात बटणं. जुन्या पामला खाली ओळीत डेट बुक, ॲड्रेस, मग मधे वर-खालीचं बटण, मग टू डू आणि मेमो. डावा अंगठा डेट बुक-ॲड्रेसवर, म्हणजे डावीकडे-उजवीकडे, उजवा टू डू-मेमोवर, म्हणजे ए आणि बी, आणि पाइपमध्ये शिरायला खाली दाबायचं तर एक अंगठा मधे आणायचा. पाच मिनिटात बोटांचा गुंता होतो. आणि एम्युलेटर आपटला की तीच बटणं परत आपल्या मूळ कामाला लागतात, मी एकदा दुसऱ्या वर्ल्डच्या शेवटी होतो आणि समोर धाडकन ॲड्रेस बुक उघडलं, पहिलंच नाव प्लंबरचं. मारिओ पण प्लंबरच म्हणा.

लहानपणी कॅसेट लावून टीव्हीवर खेळायचो ते गेम? काँट्रा वगैरे?

ते एनईएसचे, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनचे. मीडिया नाहीतर लिटल मास्टर लिहिलेले जे डबे आपल्या घरात होते ते सगळे फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्याच जपानी रूपाच्या, नकला होत्या, आणि आपण ज्याला कॅसेट म्हणायचो ती कार्ट्रिज. त्या मशीनचं चित्र २५६ बाय २४०, म्हणजे १६० च्या स्क्रीनवर बसत नाही आणि जुना प्रोसेसर त्याला पुरत पण नाही. ६८के वर नाद सोडा.

टीएक्स, टंगस्टन टी३, झोडिॲक (हे काय ते खाली सांगितलंय) अशांवर लिटल जॉन नावाचा एम्युलेटर टाका, लोक त्याला एलजेपी म्हणतात. एकाच ॲपमध्ये एनईएस, गेमबॉय आणि कलर गेमबॉय, सेगाचे मास्टर सिस्टिम, गेम गिअर, जेनेसिस, सुपर निन्टेन्डो सगळं. टीएक्सवर एनईएस आणि गेमबॉय झकास पळतात, सुपर निन्टेन्डो धापा टाकतं. काँट्राचा तीस लाइफवाला कोड, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, तो टीएक्सच्या गोल बटणावर बसतो पण सावकाश दाबा.

खरी अडचण काँट्रा चालू झाल्यावर. पळत पळत तिरकं वर गोळ्या मारायच्या म्हणजे एका वेळी तीन बटणं, आणि बऱ्याच मॉडेलांवर तीन बटणं दाबली की एक ऐकूच येत नाही. डेट बुक उघडायला बटण बनवणाऱ्या माणसाने, कोणी डेट बुक आणि मेमो एकदम दाबेल असा विचार कशाला करावा?

मग यावर खेळण्यासारखं आहे तरी काय?

आता बरोबर प्रश्न विचारलात. माझं मत सरळ आहे, थांबून खेळायचा गेम पामवर घ्या, पळून खेळायचा घेऊ नका. हे यंत्र खिशातून काढायचं, काडीने चार टॅप करायचे, परत खिशात टाकायचं अशासाठी आहे, बंद केलं की जिथे होतं तिथेच थिजतं आणि चालू केलं की त्याच क्षणाला परत सुरू. लोडिंग नाही, लोगो नाही. बसची वाट बघताना दीड मिनिट खेळता येतं आणि बस आली की बटण दाबून खिशात.

गेमबॉयमधले पोकेमॉन रेड-ब्लू घ्या. आपली पाळी, मग त्याची पाळी, फ्रेम गाळल्या तरी काही बिघडत नाही. एवढंच की रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची कॉपी केलेली फाइल, एक मेगाबाइटची आहे, २ एमबीच्या पाममध्ये निम्मी जागा गेली, एम१०५ वर आरामात. टेट्रिस तर ३२ केबी, कुठेही मावतं.

सगळ्यात भारी म्हणजे पॉइंट अँड क्लिक. टीएक्सवर स्कमव्हीएम नावाचा, असे जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम टाका. मंकी आयलंडसारखे जुने पीसी गेम जे माउसने खेळायचे, त्यांचं मूळ चित्र ३२० बाय २००, ते आडव्या स्क्रीनवर ऐसपैस बसतं, आणि माउसच्या जागी तुमच्या हातात स्टायलस. दार उघडायचंय तर दारावरच टॅप करायचं. मला विचाराल तर हे गेम पीसीपेक्षा इथे जास्त शोभतात. मूळ गेमच्या डेटा फाइल तुमच्याकडे हव्यात, पण बिनीथ अ स्टील स्काय आणि फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन हे दोन त्यांच्या मालकांनीच मोफत करून टाकलेत, सुरुवात त्यांच्यापासून करा. आता नवीन आवृत्त्या पामसाठी निघत नाहीत, जुनीच शोधावी लागते.

शब्दांचे गेम आवडत असतील तर झॉर्क. चित्र नाहीच, नुसता मजकूर, पांढऱ्या घरासमोर एक टपालपेटी आणि पुढचं तुम्ही टाइप करायचं. १९७७ मध्ये एमआयटीत जन्मलेला गेम, पायलट-फ्रॉट्झ किंवा त्याचा वारस फ्रॉबनिट्झ यावर चालतो, अगदी जुन्या पामवर सुद्धा पळतो कारण पळायला काही नाहीच. उत्तरेला जायचं की ग्राफिटीत एक 'एन' ओढायचा. पहिल्या दिवशी हात बसत नाही, ग्राफिटीतला 'ए' म्हणजे मधली आडवी दांडी नसलेला, उलटा व्ही, ते सगळं शिकावं लागतं. शिकायला पण गेमच आहे, जिराफ नावाचा, वरून अक्षरं पडतात आणि ती लिहिली की फुटतात.

आणि एम्युलेटर बाजूला ठेवून पामचाच एक गेम खेळायचा तर स्पेस ट्रेडर, पीटर स्प्रॉंकने लिहिलेला, मोफत. नॅट नावाचं डबडं यान आणि हजार क्रेडिट हातात देऊन सोडतात. एका ग्रहावर स्वस्तात पाणी, कातडी, धान्य, यंत्रं घ्यायची, दुसऱ्यावर महाग विकायची, वाटेत चाचे आणि पोलीस दोघांनाही तोंड द्यायचं, आणि पाच लाख जमले की एक चंद्र विकत घेऊन निवृत्त व्हायचं. मार्केट यार्डातल्या आडत्याला दिला तर तो आपल्याला दोन दिवसात हरवेल. कुठल्या ग्रहावर दुष्काळ पडलाय, कुठे युद्ध चाललंय यावर भाव हलतात. मी नॅट विकून फ्ली घेतलं, पल्ला मोठा म्हणून, पण त्यात माल मावेना, आणि मग आठवडाभर कर्ज फेडत बसलो. त्यातलं कर्ज, खरं नाही.

गेमची फाइल पाममध्ये टाकायची कशी?

पामच्या प्रोग्रॅमची फाइल पीआरसी आणि डेटाची पीडीबी. कार्ड असलेल्या मॉडेलवर सगळ्यात सोपं, कार्ड रीडरमध्ये घालून पाम नावाच्या फोल्डरमध्ये लाँचर नावाचं फोल्डर असतं, नसेल तर करा, त्यात पीआरसी टाकली की कार्डाच्या यादीत गेम दिसतो. कार्ड साधं एसडी घ्या, २ जीबी किंवा त्याहून लहान. एसडीएचसी लिहिलेलं घेऊ नका, ते नंतर आलं आणि पाम त्याला ओळख दाखवत नाही. दोन जीबीत तुमचं सगळं बालपण मावून वर जागा उरेल.

केबल लावून हॉटसिंक, म्हणजे पाम कॉम्प्युटरला जोडून फाइलींची देवाणघेवाण, करायची पूर्वीची पद्धत आता कटकटीची झालीय. चौसष्ट बिटच्या विंडोजवर यूएसबीचा मूळ ड्रायव्हर चालत नाही. लिनक्सवर पायलट-लिंक नावाच्या प्रोग्रॅमने काम होतं. टीएक्स असेल तर ब्लूटूथने पण हॉटसिंक होतं.

कार्डच नसलेल्या एम१०५ सारख्यावर माझी जुगाड अशी आहे. कार्डावरून टीएक्समध्ये आणि टीएक्सवरून इन्फ्रारेडने एम१०५ मध्ये, म्हणजे बीम करायचं. दोन्ही पाम डोक्याला डोकं लावून टेबलावर आडवी ठेवायची, वीतभर अंतर, आणि हलवायची नाहीत. पामच्या नेहमीच्या मेनूतून प्रोग्रॅम जातो पण रॉमची पीडीबी जात नाही, तिच्यासाठी फाइलझी नावाचा मोफत फाइल मॅनेजर टाका. पोकेमॉनची एक एमबी अशी पाठवायला घेतली तर चहा करून, पिऊन, कप विसळून या. मधून मांजर गेलं तर पहिल्यापासून.

रॉम फाइल मिळाली पण एम्युलेटरला दिसतच नाही

६८के वर ना? तिथे रॉम तशीच्या तशी टाकून चालत नाही, आधी पीसीवर पीडीबीत बदलून घ्यावी लागते, एम्युलेटरबरोबर त्याचा छोटा कन्व्हर्टर येतो. कारण जुन्या पामच्या मेमरीत फाइल हा प्रकारच नाही, सगळं रेकॉर्डमध्ये, आणि एक रेकॉर्ड ६४ केबीच्या वर जात नाही. पत्ते आणि अपॉइंटमेंट ठेवायला बनवलेली पद्धत आहे, तिच्यात पोकेमॉन बसवायचा म्हणजे त्याचे तुकडे करून वहीच्या पानांवर लिहून ठेवायचे. ओएस ५ आणि कार्ड असेल तर ही भानगड नाही.

हे कायदेशीर आहे का?

मी वकील नाही. एम्युलेटर बनवणं किंवा वापरणं यात गुन्हा नाही, अमेरिकेत सोनी आणि कनेक्टिक्सचा खटला झाला होता प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून, २००० साली अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. भानगड रॉमची असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, तुमच्याकडे रीतसर असलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी, खराब होईल-हरवेल म्हणून, करायला परवानगी आहे. म्हणजे स्वतःची कॅसेट हवी. नेटवरून उतरवलेली हजार गेमची झिप त्यात बसत नाही, आणि कुठली साइट ते मला विचारू नका.

लिबर्टीचा क्रॅक मिळाला, टाकू का?

अजिबात नाही! हा विनोद नाही. ऑगस्ट २००० मध्ये लिबर्टी फुकट करून देणारा क्रॅक म्हणून एक फाइल फिरली होती, ती चालवली की पाममधले सगळे प्रोग्रॅम पुसून टाकायची आणि रिसेट करायची. पाम ओएसवर सापडलेला पहिला ट्रोजन, म्हणजे कामाचा प्रोग्रॅम असल्याचं सोंग घेऊन नुकसान करणारा, तोच. दोनशे-अडीचशे गेम जमवलेला माणूस एका टॅपमध्ये कोऱ्या पाटीवर. जुन्या सीडीत आणि झिपमध्ये असलं काय पडलेलं असेल सांगता येत नाही. फिनिक्स मोफत आहे की, ते वापरा.

आवाज येत नाही

जुन्या पाममध्ये पिझो बझर आहे, अलार्मला टीट-टीट करायला. त्यातून संगीत कुठून येणार. ओएस ५ वर खरा आवाज आहे.

बॅटरी किती जाते? सेल परवडत नाहीत

पत्ते बघायला दोन सेल आठवडेच्या आठवडे जातात, कारण दोन टॅपच्या मध्ये प्रोसेसर झोपलेला असतो. एम्युलेटर त्याला झोपूच देत नाही, त्यामुळे सेल बघता बघता संपतात. रिचार्जेबल वापरा, पण मग लगेच दुसरी तक्रार येते की 'फुल चार्ज केले तरी पाम अर्धेच दाखवतं'. साधा सेल १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल १.२ चा, पामला वाटतं संपत आले. त्याला सांगावं लागतं, आणि ते सांगायची जागा कुठल्याही मेनूत नाही. ग्राफिटीच्या पट्टीत शॉर्टकटची खूण काढा, म्हणजे छोट्या एलसारखा एकाच ओढीतला वेटोळा, मग तिथेच दोनदा टॅप, म्हणजे टिंब येतं, आणि मग आकड्यांच्या बाजूला ७ काढा. दर वेळी सेलचा प्रकार बदलतो आणि स्क्रीनवर लिहून येतं. ७ च काढा बरं का, १ काढलात तर ते डीबग मोडमध्ये जातं आणि मग सेल अजूनच पटकन बसतात.

आणि सेल बदलताना हयगय नको. जुन्या मॉडेलमध्ये सगळं रॅममध्ये असतं, सेल काढले की आतला कपॅसिटर मिनिटभर धरून ठेवतो, तेवढ्यात नवे घालायचे. मी सेल काढून ठेवले आणि त्याच वेळी कुरिअरवाला आला, सही करून परत येईपर्यंत स्पेस ट्रेडरमधले तीन लाख क्रेडिट गेले. चूक माझीच. २००४ च्या ट्रिओ ६५० आणि टंगस्टन टी५ पासून पुढे मेमरी फ्लॅशमध्ये जायला लागली, तिथे ही भीती नाही.

हँग झालं, काय करू?

मागे एक बारीक भोक आहे त्यात टोकदार काहीतरी दाबा. पाम थ्रीएक्स किंवा फाइव्हचा धातूचा स्टायलस असेल तर त्याचं मागचं टोक फिरवून काढा, आत पिन लपवलेली आहे, बरेच लोक वर्षानुवर्षं वापरतात आणि त्यांना माहीत नसतं. नुसतं दाबलं तर डेटा जात नाही. चालू होता होता परत परत आपटत असेल तर वर जायचं बटण धरून ठेवून रिसेट करा, मग बाकीची लुडबूड न होता उघडतं आणि नडलेला गेम पुसता येतो. पॉवर धरून रिसेट केलं की सगळं पुसायचं का असं विचारतं, तिथे हो म्हणू नका म्हणजे झालं.

टॅप करतो एकीकडे, लागतं दुसरीकडे

सेटिंगमध्ये डिजिटायझर आहे, तिथे फुल्यांवर परत टॅप करा, बोटाने नाही, काडीने. तरी सरकत असेल तर स्क्रीनची कड आणि चौकट यात कचरा अडकलेला असतो, कागदाची पातळ पट्टी फिरवून बघा. आणि ग्राफिटीच्या पट्टीवर आधीच पारदर्शक चिकटपट्टी लावून टाका, मॅट असेल ती, ओरखडे तिच्यावर पडतात आणि लिहायला पण कागदासारखं खरखरीत लागतं.

पामपेक्षा आयपॅक वगैरे बरं नाही का?

म्हणजे पॉकेट पीसीवाले, पामचे मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिमवर चालणारे प्रतिस्पर्धी. २००० चं आयपॅक ३६०० घेतलं तर २०६ मेगाहर्ट्झ, रंगीत २४० बाय ३२०, तेव्हाचं पाम त्याच्यापुढे पाणी भरेल. पॉकेटनेस्टर, पॉकेटएसएनईएस, मॉर्फगिअर असे एम्युलेटरही भरपूर. पण त्याच्यात असा घोळ की एका वेळी एकच बटण समजायचं. पळताना उडी मारायची नाही, आधी थांबा मग उडी मारा. मारिओला जसं काही गुडघ्याचा त्रास आहे.

झोडिॲक?

टॅपवेव्हचं, २००३. पाम ओएसच, पण गेमसाठीच बनवलेलं, खरी ॲनालॉग काडी, एटीआयची ग्राफिक्स चिप, दोन कार्ड स्लॉट, आडवी ४८० बाय ३२० स्क्रीन. वर सांगितलेलं बटणांचं रडगाणं यावर लागू नाही. कंपनी २००५ च्या जुलैमध्ये बंद पडली त्यामुळे कमी आहेत आणि भाव चढे. मिळालं तर घ्या आणि मला दाखवायला आणा.

ओव्हरक्लॉक करू का?

म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवू का. जुन्यांसाठी आफ्टरबर्नर, ओएस ५ साठी वॉर्पस्पीड. फरक पडतो, गेमबॉय सुधारतो. सेल अजून पटापट जातात आणि कधी कधी पाम मधेच गोठतं. बॅकअप घेऊन मग खेळ करा.

फोनवर हे सगळं फुकट आणि दसपट वेगाने चालतं की, मग हे कशाला?

चालतं की. मी नाही कुठे म्हणतोय. पामच फोनवर चालतं, क्लाउडपायलट म्हणून आहे, ब्राउझरमध्ये अख्खं जुनं पाम उघडतं, आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पाम प्रोग्रॅमचं मोठं भांडार आहे, तिथल्या तिथे चालवून बघता येतं. विकत घ्यायच्या आधी स्पेस ट्रेडर तिथेच खेळून बघा, आवडलं नाही तर पैसे वाचले.

माझ्यापुरतं म्हणाल तर फोनवर स्पेस ट्रेडर उघडला की तिसऱ्या ग्रहापर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचे अकरा मेसेज येतात. पामला कोणी मेसेज करत नाही.

तुझ्याकडे जास्तीचं आहे का एखादं?

एक एम१०० आहे, २ एमबीवालं. सेलचं झाकण नाही, रबरबँड लावून चालवतो, ॲड्रेसचं बटण जोरात दाबावं लागतं आणि बॅकलाइट मिणमिणतो. आत झॉर्क आणि टेट्रिस टाकलेलं आहे, तुम्हाला आठवडाभर खेळायला देऊ शकतो, पण सेल तुमचे, आणि परत देताना ते काढून घेऊ नका, मी आलो की मग बदलू.